दोन मिन्टं दम खाऊ द्या

“लगेच गळा दाबू नका तिचा, डॉक्टर. दोन मिन्टं दम खाऊ द्या.”

मी गाडी शेडसमोर थांबवून किल्लीला हात घातला की मिस्त्री आतूनच ओरडायचे. जोर वाढवायला टर्बो बसवलेलं इंजिन पळून आल्यावर थोडा वेळ तसंच चालू ठेवून निवू द्यावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण मला कायम घाई. मग ते हात पुसत बाहेर यायचे, बॉनेटवर तळवा ठेवायचे आणि आम्ही दोघं न बोलता उभे राहायचो. हसू नका, पण दिवसभर लोकांना ‘आ करा, आ करा’ म्हणणाऱ्या माझ्यासारख्या दातांच्या डॉक्टरला ती दोन मिनिटं फार बरी वाटायची.

गाडी जपानी. दोन दारांची, बुटकी, निळी. नगरात तशी दुसरी नव्हती. मिस्त्रींची शेड नागापूरला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटायचे. मग म्हणायचे, “बोलती हाय,” नाहीतर, “आज रुसली हाय.” टर्बोचे पाइप त्यांनी स्वतः वाकवले, स्वतः जोडले. एक जोड मनासारखा आला नाही म्हणून चांगला पाइप कापून टाकला नि पुन्हा पहिल्यापासून केला.

“अहो, कोण बघणार आहे तिथे?” मी म्हणालो.

“मी बघतो की.”

तरी दुसऱ्या कुणी बघावं असंही त्यांना वाटत होतंच. माझ्या मणक्याने दगा दिला, त्या बुटक्या गाडीतून बाहेर यायला बायकोचा हात लागायला लागला, तेव्हा ती विकायचं ठरलं. जाहिरात बघून पुण्याच्या एकाने फोन केला. कॉम्प्युटरवाला, असल्याच गाड्यांच्या शौकिनांत ऊठबस असलेला. हे ऐकून मिस्त्रींचा चेहरा आधी उतरला नि मग खुलला. नव्या गाड्या सगळ्या कंपनीच्या वर्कशॉपला जायच्या, शेडमध्ये काम उरलं नव्हतं.

“त्याला माझं नाव सांगा, डॉक्टर. त्याच्या चार दोस्तांच्या गाड्या आल्या तर शेड टिकंल. आन् पुन्याच्या लोकांना बी कळू द्या, नागापूरला बी असलं काम हुतं.”

“हे काय सांगायला हवं?” मी म्हणालो. तेव्हा मनापासूनच म्हणालो होतो.

पुणेकर गाडी बघायला आला तो रविवार होता. मिस्त्री ख्रिस्ती, चर्चमधून थेट माझ्या दारात आले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पुणेकर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून बॉनेटखाली वाकला आणि सहज म्हणाला, “काम कुठे केलंत? गल्लीतल्या गॅरेजमध्ये केलेली गाडी मी घेत नाही. आधी एकदा पोळलोय.”

आणि मी म्हणालो, “छे, छे! मुंबईचं मोठं वर्कशॉप आहे. सगळं तिकडूनच.”

माझी जीभ कशी झडली नाही! मिस्त्री तीन पावलांवर उभे होते. पुणेकराने त्यांच्याकडे बघत विचारलं, “हे कोण?” मिस्त्रींनीच बाह्या दुमडल्या, टपावरचं फडकं उचललं.

“मी पुसायला असतो, साहेब,” ते म्हणाले आणि दार पुसायला लागले.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच खरं बोलून टाकायचं होतं. टाकायचं होतं ना! पण गिऱ्हाईक हातचं जाईल या भीतीने मी मूग गिळून बसलो.

व्यवहार झाला. पुणेकर निघाला तेव्हा मिस्त्री खिडकीशी वाकून त्याला काहीतरी म्हणाले. मग मला “येतो डॉक्टर,” म्हणून त्यांनी स्कूटरला किक मारली. शर्टाच्या पोटावर ऑइलचा काळा पट्टा उठला होता.

त्यानंतर मी त्या गल्लीत फिरकलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत वर्ष गेलं. मग दुसऱ्याकडूनच कळलं की शेड बंद झाली, मिस्त्री संगमनेरला दुधाचे टेम्पो दुरुस्त करतात.

परवा पुण्याहून फोन आला. “डॉक्टर, तुमची गाडी इथल्या जाणकारांनी उघडून बघितली. पाइपचं काम बघून थक्क झाले. त्या वर्कशॉपचं नाव द्या ना, आमच्या तिघांना असंच करून घ्यायचंय.”

मी एका दमात सगळं खरं सांगितलं.

“ते पांढऱ्या शर्टातले?” त्याने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच मिस्त्रींना फोन लावला. मागे टेम्पोचं इंजिन घरघरत होतं. “मिस्त्री, पुण्याच्या तीन गाड्या आहेत. तुमचं नाव सांगितलंय मी.”

“आता न्हाई जमायचं, डॉक्टर. शेड गेली, हत्यारं बी इकली.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, “मी त्याला जाताना सांगितलं हुतं. बंद करायच्या आधी दोन मिन्टं थांबतो का तो?”

“थांबतो,” मी म्हणालो. हे मी त्याला विचारलंच नव्हतं.

“मंग बरं,” ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माफी मागायला म्हणून केला होता मी तो फोन.