मोहाखालचा तास

आमच्या तत्त्वज्ञानाच्या सरांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर पाहायला मिळेल अशी आशाही उरलेली नाही. माणसं एखाद्या गोष्टीला भितात, कुणी पाण्याला, कुणी सासऱ्याला. सरांच्या भीतीला असा पक्षपात नव्हता. खुर्चीत बसण्याआधी ते ती उलटी करून जमिनीवर आपटायचे, कारण विंचू. कौलारू वर्गात शिकवताना डोक्यावर पंचा घ्यायचे, कारण पाली. विहिरीचं पाणी ते उकळायचे, गाळायचे आणि मग पेला हातात धरून त्याच्याकडे बराच वेळ पाहत बसायचे. "उकळलं हे खरं," ते म्हणायचे, "पण पुरेसं उकळलं का, हा प्रश्न उरतोच." रस्त्याने चालताना ते नेहमी घोळक्याच्या मधोमध असत. पुढच्याला वाघ समोरून गाठतो, शेवटच्याला मागून उचलतो, तेव्हा मधला सुरक्षित, हे त्यांनी आम्हाला तर्काने सिद्ध करून दाखवलं होतं. एकदा मी आणि माझा मित्र सोमा त्यांच्या दोन बाजूंनी चाललो होतो. वाटेत सोमा चप्पल शिवायला थांबला, तर सर जागीच उभे राहिले. दोघांत मधला नसतो, असं त्यांचं म्हणणं. सोमा येईपर्यंत आम्ही उन्हात उभे होतो.

हे एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधले दिवस. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, पूर्वेला जिथे शेतं संपून सागाचं रान सुरू होतं, तिथे एका मठाने कॉलेज काढलं होतं. विद्यार्थी चाळीस, विषय चार: मराठी, संस्कृत, इतिहास आणि तत्त्वज्ञान. तत्त्वज्ञान घेणारे आम्ही सात जण. त्यातले चौघे, इतिहासाच्या सरांचा मार चुकवावा म्हणून इकडे आलेले. सर साताऱ्याकडचे. जंगलात नोकरी आहे हे त्यांना इथे उतरल्यावर कळलं असावं, असा आमचा तर्क होता. पण शिकवायला लागले की त्या किडकिडीत माणसात काहीतरी संचारायचं. एकदा त्यांना दोरीवर साप कसा भासतो हे समजवायचं होतं. विहिरीवरची दोरी त्यांनी स्वतः आणली, टेबलावर ठेवली आणि फळ्यावर लिहायला वळले. लिहून परत वळले, दोरी दिसली, आणि ते एका उडीत व्हरांड्यात. थोड्या वेळाने आत आले, पंचा सावरला आणि शांतपणे म्हणाले, "तो भास आहे हे मला ठाऊक होतं. पायांना ठाऊक नव्हतं." तो धडा आमच्यापैकी कुणीही जन्मात विसरला नसेल.

या सगळ्या भीतींच्या वर एक मोठी भीती होती, आणि तिच्यात मात्र सर एकटे नव्हते. मठाचे महाराज. उंच, धिप्पाड, बोलणं मोजकं. त्यांच्या खडावांचा आवाज व्हरांड्यात आला की चारही वर्ग एकदम गप्प व्हायचे. आदल्या वर्षी अंडं खाल्लं म्हणून त्यांनी एका मुलाला वसतिगृहातून काढलं होतं. तो गेला तो नांगराच्या मागेच गेला. आम्हा खेड्यातल्या पोरांना नागपूरला जाऊन शिकणं शक्य नव्हतं. मठातून निघालं की शिक्षण संपलं, एवढं सरळ होतं ते. म्हणून खडावा वाजल्या की मांडीवरची वहीसुद्धा थरथरायची.

त्या वर्षी विद्यापीठाच्या पुस्तकात नास्तिक मतांचा एक मोठा धडा होता. त्यावर प्रश्न हमखास येणार होते. महाराजांनी सरांना बोलावून सांगितलं, "हे या छपराखाली शिकवायचं नाही." सर परत आले तेव्हा कोटाची पाठ घामाने भिजली होती.  मग म्हणाले, "शब्द नीट पाहावेत. महाराज छपराखाली म्हणाले."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सातजण आणि मधोमध सर असे मठाची हद्द ओलांडून नाल्याकाठच्या एका मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. ते दिवस वाईट होते. त्या रानात वाघाने दोन बैल मारले होते, आणि पंधरा दिवसांपूर्वी सरपणाला गेलेली एक बाई परतली नव्हती. मी सरांना त्याची आठवण करून दिली. त्यांचा चेहरा आधीच पांढरा झाला होता. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण वाघ खुलासा मागत नाही."

तीन दिवस तास असे नीट पार पडले. चौथ्या दिवशी सर मजकूर सांगत होते आणि आम्ही लिहून घेत होतो, तेवढ्यात नाल्यापलीकडच्या सागावरून वानर खोकल्यासारखं ओरडलं. मग दुसरं. सोमाचा बाप जंगल खात्यात मजुरी करायचा, सोमा रानातच वाढलेला. त्याने पेन्सिल खाली ठेवली.

"हालू नोका," तो हळूच म्हणाला. "वाघ जवड आहे. सर, तुमी मोठ्यानं बोलत राहा. आवाज आयकला का जाते तो."

सरांनी माझा खांदा धरला. त्यांची बोटं सदऱ्यातून रुतत होती. क्षणभर त्यांच्या तोंडून नुसती हवा आली. मग आवाज फुटला, आणि सरांनी त्या वाघाला देव नाही हे सांगायला सुरुवात केली. जे दिसत नाही ते मानायला आधार काय, अनुमान कुठे फसतं, एकामागून एक मुद्दे, खणखणीत, एकही शब्द न अडखळता. पलीकडचं गवत एका रेषेत हलत हलत दूर गेलं. वानरं गप्प झाली तरी सर थांबले नाहीत. धडा संपला तेव्हाच थांबले, आणि मग त्यांना उभं करायला दोघांना हात द्यावा लागला.

पुढच्याच आठवड्यात ती वही सापडली. सकाळच्या प्रार्थनेनंतर महाराजांनी सगळ्यांना ओसरीवर बसवून ठेवलं. त्यांच्या हातात पुठ्ठा फाटलेली, नाव नसलेली एक वही होती. त्यांनी एकच वाक्य वाचलं: जे दिसत नाही ते मानायला आधार काय. मग सोमाकडे बोट केलं. वही त्याच्या खाटेजवळच्या खिडकीत मिळाली होती.

"माही नाई, महाराज," सोमा म्हणाला.

"मग कुणाची?"

सोमा काही बोलला नाही. वही माझी होती. आदल्या संध्याकाळी मीच ती तिथे विसरलो होतो.  उठायला हवं हे मला कळत होतं. पण समोर बापाचं शेत दिसत होतं आणि नांगरामागे चालणारा मी.

"सामान बांध," महाराज सोमाला म्हणाले.

तेव्हा मागून खुर्ची पडल्याचा आवाज झाला. सर उभे होते. 

"वही कुणाचीही असो," ते म्हणाले, "वाक्य माझं आहे. मी सांगितलं, यांनी लिहून घेतलं."

"तुम्ही हे मानता?"

"मी देवाला फार भितो, महाराज. पण समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण मांडायचं आणि मग उत्तर द्यायचं, ही आपल्याच शास्त्राची रीत आहे. पूर्वपक्ष म्हणतात त्याला. तो अर्धवट ठेवला तर उत्तरही अर्धवट राहतं. शिवाय मुलं नापास होतील."

"कुठे शिकवलं?"

"जंगलात. मोहाखाली."

"तिथे वाघ आहे."

"हो."

"मग इथे का नाही?"

सर म्हणाले, "इथे तुम्ही होतात."

कुणी हसलं नाही.  महाराज वही सरांच्या हातात देऊन म्हणाले, "धडा पुरा करा. वर्गातच करा. परीक्षा झाल्यावर मात्र तुम्ही इथे राहू नका." आणि खडावा वाजवत निघून गेले.

त्याच दिवशी तासाला सरांनी ती वही सरळ माझ्यापुढे ठेवली. माझं अक्षर ते ओळखत होते. "तिसऱ्या पानावर एक ओळ सुटली आहे, ती भरा," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी सोमाला सगळं सांगितलं.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"मंग बोलला काऊन नाई?" मी विचारलं.

"तू बोलशीन म्हणून थांबलो होतो."

आम्ही सातहीजण पास झालो. सर उन्हाळ्यात नोकरी सोडून गेले. मोटारीतही दोन माणसांच्या मधली जागा मिळेपर्यंत ते चढले नव्हते.

खूप वर्षांनी कामानिमित्त साताऱ्याला गेलो, तेव्हा विचारत विचारत त्यांच्या घरी पोहोचलो. सर जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नीने, बाईंनी, चहा केला, कुठून आलात विचारलं, आणि मी चांद्याचं नाव काढताच समोर येऊन बसल्या.

"तिकडची फार आठवण काढायचे," त्या म्हणाल्या. "म्हणायचे, ती मुलं होती म्हणून मी तिथे टिकलो. एकालाही कशाचं भय नव्हतं. तुम्ही त्यांतलेच ना?"

मी कप खाली ठेवला. "आम्ही सात जण होतो," मी म्हणालो. "त्यातला सोमा धीट होता. आणि सर."

बाई हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. जन्मभर त्यांचं पाणी उकळून, गाळून देणाऱ्या बाईंना ते पटावं तरी कसं.