गिरजामावशीचा हात

नाशिक शहर आणि पंचक्रोशीतल्या तमाम टकल्या, अर्धटकल्या आणि टकलाच्या वाटेला लागलेल्या नागरिकांस अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, खालील मजकुरात मारहाण आहे. तांब्याने आहे, फणीने आहे, तेलकट वेणीने आहे, आणि शेवटाकडे खुर्च्यांनीही आहे. रक्त थोडंच आहे आणि तेही बहुतांशी माझं आहे. कमकुवत काळजाच्या वाचकांनी इथूनच परत फिरावं. बाकीच्यांनी डोकं पुढे करावं. गिरजामावशी येते आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला तिचा मळा होता. शेवंती, झेंडू आणि भोवती जास्वंदीचं कुंपण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बहिणीचा मुलगा बाळू तिने वाढवला आणि पुढे बाळूची मुलगी पूनमही तिच्याच अंगाखांद्यावर मोठी झाली. आठवडाभर मावशी फुलबाजारात बसायची. रविवारी मात्र गल्लीतलं प्रत्येक डोकं तिच्या मालकीचं.

आदल्या दिवशी लोखंडी कढईत खोबरेल, माका, कढीपत्ता आणि जास्वंदीची फुलं घालून ती तेल उकळायची. रविवारी सकाळी शिकेकाई, रिठा आणि आवळ्याचं पाणी चुलीवर चढायचं आणि पाट्यावर जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत लगदा व्हायचा. तो वास गल्लीत पसरला की आम्ही पोरं माळ्यावर, पलंगाखाली, एकदा तर मी कणगीत लपलो होतो. मावशी कान धरून बाहेर काढायची, डोकं दोन गुडघ्यांत आवळायची आणि सुरू व्हायची. "डोळे मीट, तोंड मीट. रडायचंच असंल तर नाकानं रड!" रिठा डोळ्यांत गेला की पोरं बोकडासारखी ओरडायची. "डोकं हाय का करपलेली कढई रं? काय लावतो काय डोक्याला?" पाठीत तांब्या. "मान सरळ!" पुन्हा तांब्या. सुटका झाल्यावर आम्ही उन्हात बसायचो तेव्हा डोकं इतकं हलकं वाटायचं की ते अजून धडावर आहे का, हे चाचपून बघावं लागे. मग तीच मावशी प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची.

तिचे स्वतःचे केस पोटरीला लागायचे. बाजारात ती त्यांचा अंबाडा घालायची तेव्हा लांबून वाटे, मानेवर मांजर बसलंय.

आणि एक रीत ती कटाक्षाने पाळायची. विंचरताना निघालेलं गुंतवळ कधी टाकायचं नाही. बोटावर गुंडाळायचं आणि खुंटीवरच्या कापडी पिशवीत ठेवायचं. बाकीच्या बायका फेरीवालीला केस देऊन भांडी घ्यायच्या. मावशी देत नसे. "माझ्या डोक्यातलं हाय. लोकाच्या घरी कशाला जाईल?" ती पिशवी तिच्या लग्नापासूनची होती आणि उशीएवढी फुगली होती.

आता घात कसा झाला ते सांगतो. बाळूला, म्हणजे चाळिशीतल्या, मिशावाल्या बाप्याला, एका लग्नाच्या आदल्या दिवशी मावशीने न्हाणीच्या दगडावर बसवलं. पूनमने समोर मोबाइल लावला. बाळू कळवळून म्हणाला, "मावशी, हळू गं!" त्यावर तांब्याचा जो आवाज आला तो महाराष्ट्राने ऐकला. पाठोपाठ मावशीचं वाक्य, "हळू म्हणणाऱ्याचंच टक्कल पडतं!"

महिन्याभरात ते वाक्य रिक्षांच्या मागे आलं, बनियनवर आलं. चांदवडहून एक बाई तीन मुली घेऊन डोकी धुवायला आल्या. मुंबईहून मोटारी आल्या. सुरुवातीला मावशी खूश होती, खोटं कशाला बोलू? फोटोसाठी ती नवं लुगडं नेसायची आणि हसायची नाही. "हसल्यावर कोण घाबरंल मला?"

मग लोक बाजारात आले. फुलं घ्यायला नव्हे, केस ओढायला. खरे आहेत का हे बघायचं होतं त्यांना. द्वारका चौकाकडच्या कुठल्याशा दुकानातला एक तरुण मागून आला आणि त्याने अंबाड्याला हिसडा मारला. मावशीने त्याचं मानगूट धरलं, फुलांवर पाणी मारायच्या बादलीत तोंड बुडवलं, बाहेर काढलं, कानाखाली वाजवली आणि पुन्हा बुडवलं. तो बाहेर आला तो हसत! "थँक यू मावशी!" मित्राने शूटिंग केलं होतं.

तिथून तिचं जगणं नासलं. लोक मार खायलाच येऊ लागले. गाल पुढे करून उभे राहायचे. "मावशी, एकच! जोरात हां!" टोपल्या तुडवल्या जायच्या, शेवंतीचा चिखल व्हायचा, मागून कुणीतरी हिसडा मारायचं. घरी आली तरी कुंपणावर डोकी. एकदा तिने माझ्यासमोर हात पुढे धरला. "राग आल्यावर मारायचा हात हाय हा. लोकांनी सांगितल्यावर कसा मारू? मेल्यांना मारबी फुकट पायजे." तिची झोप उडाली. घास उतरेना. आणि तिचे केस जायला लागले.

फणीला झुबके यायला लागले. तेल तेच, माका तोच, जास्वंद तीच. तिला काही कळेना. पिशवी भरत गेली आणि अंबाडा लिंबाएवढा झाला.

अशात अंबडच्या औद्योगिक वसाहतीत तेलाचा कारखाना असलेले एक साहेब मळ्यात आले. आमचं तेल वापरते म्हणा, असं ते म्हणाले. मावशी म्हणाली, "तुमचं तेल मी म्हशीच्या शेपटीला लावीन, आणि तेबी म्हशीला इचारून." साहेब मुरलेले. ते म्हणाले, "तेलाचं राहू द्या. लोकांना शंका आहे म्हणून ओढतात. एकदा स्टेजवर वेणी पाठीवर सोडा, सगळ्यांदेखत आम्ही पट्टीने मोजतो. मग तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

कुणी हात लावणार नाही! एवढंच तर तिला हवं होतं. बाजारात निवांत बसायचं आणि फुलं विकायची. ती हो म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी तिने मला स्कूटर काढायला लावली आणि पिशवी पोटाशी धरून मागे बसली. जुन्या नाशकात गंगावनं करून देणारी एक म्हातारी होती. तिने ते सगळं गुंतवळ सोडवलं, धुतलं, काळ्या गोफात ओवलं आणि मावशीच्या लिंबाएवढ्या अंबाड्याला पोटरीपर्यंतची वेणी जोडून दिली. तरुणपणचे काळेभोर केस, त्यात मधले करडे, टोकाला पांढरे. मावशी आरशात बघून म्हणाली, "यात खोटं काय हाय? माझंच हाय. जरा उशिरा लावलं."

कार्यक्रमाचा हॉल खच्चून भरला होता. मी, बाळू आणि पूनम पहिल्या रांगेत. मावशीने वेणी पाठीवर सोडली. पट्टी लागली, टाळ्या झाल्या. तिथेच संपायचं होतं. पण साहेबांनी खिशातून बाटली काढली, सगळं तेल वेणीवर ओतलं आणि माइकमध्ये ओरडले, "ही आमच्या तेलाची ताकद!" आणि ताकद दाखवायला वेणीला हिसडा दिला.

वेणी त्यांच्या हातात आली.

मग कुणीतरी ओरडलं, "टोप आहे, टोप!" पाण्याची बाटली आली, चप्पल आली. मावशीने साहेबांच्या हातातून वेणी हिसकावली, मनगटाला एक वेढा दिला आणि चाबकासारखी फिरवली. पहिला फटका साहेबांच्या तोंडावर बसला. चष्मा गेला. दुसऱ्याला ते गुडघ्यावर आले. "माझं हायेत! एकूण एक केस माझा हाय! तुमी तोडला त्यो!" ती पायऱ्या उतरून गर्दीत शिरली आणि दिसेल त्याला हाणू लागली. खुर्च्या उडायला लागल्या. बाळू एकाच्या छातीवर बसला होता. पूनम एका बाप्याच्या दंडाला कडकडून चावली होती. मी मध्ये पडायला गेलो आणि खुर्चीचा पाय माझ्या टकलावर बसला. डोळ्यांवरून रक्त ओघळत असताना मी पाहिलं ते विसरणं शक्य नाही. लोक मार चुकवत नव्हते. वेणी पकडत होते. आठवण म्हणून घरी न्यायला केस उपटत होते. तिच्या उभ्या आयुष्याचे केस मूठमूठ करून नेत होते.

आम्ही तिला बाहेर ओढून काढलं तेव्हा तिच्या हातात फक्त काळा गोफ उरला होता.

त्यानंतर तिच्या डोक्यावरचा पदर ढळला नाही. केसांना कुणी हात लावायचा नाही, पूनमनेही नाही. रविवारची कढई पालथी पडली ती पडलीच. लोक मात्र पटकन विसरले. त्यांना दुसरं कुणीतरी सापडलं. बाजारात एकाने तिलाच विचारलं, "आजी, ती मारणारी मावशी इथंच बसायची ना?" मावशी म्हणाली, "वारली ती. शेवंती देऊ का?" त्या दिवशी तिने सगळ्या टोपल्या विकल्या आणि किती तरी दिवसांनी घरी येताना मला विनाकारण एक धपाटा घातला. मला इतका आनंद झाला की मी बायकोला बोलावून पाठ दाखवली.

गेल्या थंडीत ती खरंच वारली. बाजारातून आली, दम लागला म्हणून खाटेवर टेकली, आणि संपलं.

अंघोळ घालायला बायकांनी अंगणातल्या न्हाणीपुढे चादर आडवी धरली. माझी बायको आत होती. पूनमने स्वतः शिकेकाई उकळली होती. मोबाइल तिने घरात बंद करून ठेवला होता. आम्ही पुरुष चादरीच्या अलीकडे, मान खाली घालून उभे. कित्येक दिवसांनी गल्लीत तो वास पसरला आणि सवयीने माझे डोळे मिटले. बायकोने नंतर सांगितलं, उंदराच्या शेपटीएवढीच वेणी उरली होती आणि ती सोडायचा कुणाला धीर होईना. पूनम बोटांच्या टोकांनी, जशी काही दुखेल मावशीला, तशी चोळत होती. अलीकडे आम्हाला फक्त थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं. एवढ्या वर्षांत त्या न्हाणीच्या दगडावर इतकं हळू काही झालं नव्हतं.

माझ्या शेजारी बाळू उभा होता. त्याने ते थोडा वेळ ऐकलं. मग त्याचं तोंड वाकडं झालं, आणि सगळ्या भाऊबंदांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर तो चादरीकडे बघून ओरडला, "अगं पूनम, जोरात घास ना! उठली म्हणजे पयली थोबाडीत तुझ्या बसंल!"