ताईचं गप्प बसणं

माझ्या बहिणीची नोकरी गप्प बसण्याची आहे, हे आमच्या घरात अजून कुणाला पटलेलं नाही.

बावीस वर्षं ताई एका हॉस्पिटलच्या नंबर देण्याच्या खिडकीत बसली. तोंडाचा पट्टा सतत चालू. समोरचा "माझं ते..." एवढंच म्हणायचा, की ही सुरू, "गुडघा ना? उजवा? जन्मसाल सांगा. राहू दे, जुना कागद द्या इकडे." तोवर फॉर्म भरूनही झालेला असायचा. लोक खूश. घरीही तेच. आमचे बाबा निवृत्त शिंपी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, की ताई चष्मा घेऊन हजर. त्यांच्या शर्टाचं बटण तुटलं, तरी हल्ली तेही हीच लावून मोकळी.

मग हॉस्पिटलने नंबर घ्यायचं अ‍ॅप काढलं आणि खिडकी बंद केली. साहेबांनी ताईला अ‍ॅपच्या टीममध्ये घेतलं, तीन महिन्यांच्या बोलीवर. "म्हाताऱ्या माणसांना अ‍ॅप जमलं तर तुम्ही इथे, नाहीतर घरी," असं ते अगदी प्रेमाने म्हणाले. आधी तिला प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या आठ दिवसांच्या कोर्सला पाठवलं. तिथून ती दोन गोष्टी शिकून आली. एक, पेशंटला आता युजर म्हणायचं. दोन, युजरच्या हातात फोन द्यायचा, शेजारी गप्प बसायचं आणि तो कुठे अडतो ते फक्त बघायचं. दुसरी गोष्ट तिने वहीत लिहून घेतली आणि वही मिटली.

पहिल्या चाचणीला तिने बारा आजी-आजोबा बोलावले. बाराच्या बारा पास! साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अ‍ॅप सुरू झालं, आणि पहिल्याच सोमवारी लहान मुलांच्या डॉक्टरांच्या दारात नऊ आजोबा येऊन बसले. एकाला झुलत्या घोड्याशेजारची खुर्ची मिळाली होती.

झालं होतं असं, की अ‍ॅपमधलं जन्मसालाचं चक्र चालू वर्षापासून मागे फिरवावं लागायचं. फिरवून फिरवून अंगठा दुखला, की माणसं हात टेकायची आणि येईल त्या सालावर थांबून पुढे जायची. अ‍ॅपच्या लेखी ती सगळी दुसरी-तिसरीत शिकत होती.

"मग चाचणीत कुणीच कसं अडलं नाही?" साहेबांनी विचारलं.

"बाराही फॉर्म मीच भरले," ताई म्हणाली. "त्यांचा हात थबकला, की माझा पुढे जातो. मला कळलंसुद्धा नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला. चक्र काढून साल टाइप करायची सोय झाली आणि ताईला शेवटची संधी मिळाली. बारा युजर, निदान दहा पास. मधे ती एक शब्द बोलली तर चाचणी बाद. आयत्या वेळी एक आजी आल्याच नाहीत, म्हणून तिने मला फोन केला, "बाबांना घेऊन ये."

आम्ही पोचलो तेव्हा नऊ पास, दोन नापास झाले होते. बारावे बाबा. ताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. साहेब फोन आला म्हणून नेमके बाहेर गेले.

बाबांनी नाव लिहिलं, साल लिहिलं, गुडघ्याचे डॉक्टर निवडले. राहिलं होतं फक्त उजव्या कोपऱ्यातलं हिरवं बटण दाबायचं. बाबा थांबले. फोन जवळ आणला, लांब धरला.

"आता काय?"

ताई गप्प.

"अगं, बोल की!"

माझ्या तोंडात शब्द आला होता. ताईने असं पाहिलं, की मी तो गिळला. तिच्या कपाळावर घाम आला होता. एका शब्दावर तिची नोकरी टिकत होती आणि ऐकायलाही कुणी नव्हतं. चार मिनिटं गेली.

बाबांनी फोन टेबलावर ठेवला. "बटण आहे का गं कुठे? मला हल्ली उजवीकडचं दिसत नाही."

"कधीपासून?" चाचणी संपली होती, आता तिला बोलता येत होतं.

"झालं असेल वर्ष."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगायला तोंड उघडेपर्यंत तू करून टाकतेस सगळं," बाबा म्हणाले. त्यांना तक्रार करायची नव्हती.

ताईने कागद ओढला. बारावा युजर, नापास. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, "उजवीकडचं दिसत नाही. मुलीला माहीत नव्हतं."

साहेबांनी आत येऊन ते दोनदा वाचलं. "पण यात अ‍ॅपची काय चूक?"

"बटण कोपऱ्यात आहे," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

साहेबांनी महिनाभराची मुदत दिली. बटण खाली मधोमध, चांगलं रुंद झालं. पुढच्या बाराजणांतले अकरा पास झाले आणि ताईची नोकरी राहिली. डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर मात्र बाबांनी त्याआधीच घेतला होता, जुन्याच बटणावर, मान वळवून वळवून शोधत. नऊ मिनिटं लागली. आम्ही भावंडं समोर बसलो होतो, हात मांडीखाली दाबून.

डॉक्टरांनी विचारलं, "त्रास काय होतो?" सवयीने मी ताईकडे पाहिलं. ती बाबांकडे बघत होती.