वानखड्यांची काडी विझेना

काडी विझली नाही.

मी दुसरी ओढली आणि वानखड्यांच्या तोंडापासून एका वितीवर धरली. "तोंड उघडं ठेवून फुंका. ओठ आवळायचे नाहीत." त्यांनी छाती भरून फुंकलं. ज्योत जराशी वाकली आणि पुन्हा सरळ झाली. माझं बोट मात्र भाजलं.

"आज ऑपरेशन नाही," मी जाहीर केलं.

सर्जनसाहेब हात धुवायला निघाले होते, ते परत फिरले. "मॅडम, तक्ता बघा. पेशंट रोज बाटली पूर्ण फुंकतोय. तुम्ही येणार फक्त गुरुवारी. मध्येच आतडं अडकलं तर?"

प्रश्न रास्त होता. वानखडे अनसिंगचे तलाठी. वजन एकशे दहा किलो. बेंबीपाशी नारळाएवढा हर्निया. म्हणजे पोटाच्या भिंतीला भोक पडतं आणि आतडं बाहेर डोकावतं. एकदा ते अडकलं होतं, नशिबानं आपोआप आत गेलं. पुन्हा अडकून सडलं, तर माणूस हाती लागत नाही.

आता वजन उतरवायचीच ऑपरेशनं निघाली आहेत. त्यांच्या आधी पेशंटला काय प्यायचं, श्वास कसा घ्यायचा, हे शिकवतात. सत्तरच्या दशकातल्या वाशीमला असलं ऑपरेशन कुणी ऐकलेलं नव्हतं, पण तयारी आम्ही हीच करायचो. मी भूल देणारी डॉक्टर. अकोल्याहून मीटर गेजच्या गाडीनं यायचे. जाड माणूस आडवा झाला की त्याचं पोट फुप्फुसांवर चढून बसतं. त्यात बिडीचा कफ. भुलीतून उठल्यावर टाके दुखतात म्हणून तो खोकत नाही, कफ आतच राहतो आणि न्यूमोनिया होतो. ऑपरेशन उत्तम झालं आणि पेशंट गेला, असं मी दोनदा पाहिलं होतं. तिसऱ्यांदा पाहायचं नव्हतं.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी मी त्यांना पथ्य दिलं होतं. बिडी बंद. दारूचं विचारलं, तर म्हणाले, "पंचशील घेतलं तवापासून थेंब नाही." मग गोड चहा बंद, दिवसाला दोनच कप, तेही बिनसाखरेचे. आणि फुंकायच्या बाटल्या. सलाइनच्या दोन रिकाम्या बाटल्या रबरी नळीनं जोडायच्या, एकीत पाणी भरायचं आणि फुंकून ते दुसरीत ढकलायचं. जितकं पाणी सरकेल तितका दम. बाटलीवर चिकटपट्टी लावून मी रेघा मारून दिल्या होत्या. त्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, थर्मासमधला चहा कपात ओतून माझ्यापुढे धरला होता. मला चहानं पित्त होतं. "मी घेत नाही," मी म्हणाले. त्यांनी कप मागे नेला.

आता माझ्यापुढे कोडं होतं. बाटल्या म्हणत होत्या दम आहे, काडी म्हणत होती नाही. आणि वजन पाव किलोनंही हललेलं नव्हतं.

"माझ्यासमोर बाटली फुंका बरं."

पाणी दोन बोटं सरकलं. वानखडे धापा टाकत खाटेवर टेकले. सुलोचनाबाई पदराशी चाळा करत खाली बघायला लागल्या.

"तक्त्यावर बाटली पूर्ण लिहिलीय. कुणी फुंकली?"

"मीनं," त्या हळूच म्हणाल्या. "ते दमून जात, बाई. जनमभर फुंकनी घेऊन चूल फुंकली म्या, मले काय जड? म्हनलं, रोजचं फुंकनं झाल्याशी मतलब."

सर्जनसाहेब खिडकीकडे तोंड करून हसत होते. मला आधी रागच आला, मग मीही हसले. नवऱ्याचं जेवण, कपडे, औषध सगळं त्याच बघायच्या. श्वास तेवढा का सोडतील?

"आणि चहा? तोही यांनीच प्यायला?"

"नाही बाई, तो मीच पेतो," वानखडे म्हणाले. "सतरा-अठरा कप होतात."

"अहो, जीवावर बेतलंय! नाही म्हणता येत नाही? काहून?"

वानखड्यांचा आवाज चढला नाही.

"बाई, माह्या बापाले ज्या घरी वरून वंजळीत पानी ओतत, त्याच घरी मले आता कपबशीत चहा देतात. वसुलीले जातो मी. ते म्हनतात, घ्या तलाठीसायेब. नाही म्हनलं तर त्याईले वाटते बरं झालं, कप वाचला. मंग पुढच्या बारीले इचारत नाहीत. कसा नाही म्हनू?"

मागे नेलेला तो कप मला आठवला आणि लाज वाटली. दोन कप, बिनसाखरेचे. काय मोठं पथ्य सांगितलं होतं मी!

मी तिथेच पथ्य बदललं. "कप घ्यायचा. कुणाचाही सोडायचा नाही. एक घोट घ्यायचा, डॉक्टरनं तेवढाच सांगितलाय म्हणायचं, आणि उष्टा कप त्या घरच्यांच्या हातात परत द्यायचा."

"उष्टा त्याईच्या हातात?" वानखड्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक आली. "हे जमते."

सुलोचनाबाईंना मी बाटल्यांची दुसरी जोडी दिली. समोरासमोर बसायचं, दोघांनी आपापली फुंकायची. ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. ते तीन आठवडे अनसिंगहून फोन येईल या धास्तीत मी काढले.

फोन आला नाही. गुरुवारी वानखडे आले. सात किलो उतरले होते.

"पहिले चार दिवस यायनं मले हरवलं," ते बायकोकडे बोट दाखवत म्हणाले, "मंग मले राग आला."

मी काडी ओढली. एका फुंकरीत विझली. खात्रीसाठी दुसरी ओढली, तीही विझली.

ऑपरेशन सरळ झालं, पण त्या रात्री मी वाशीमलाच राहिले. दुसऱ्या दिवशी ते पोटाला उशी दाबून खोकले, आणि सुलोचनाबाई शेजारी बसून उगाचच त्यांच्याबरोबर खोकत होत्या. दहाव्या दिवशी टाके निघाले.

त्यानंतरच्या गुरुवारी मी आले, तेव्हा ते घरी निघाले होते. निघताना सुलोचनाबाईंनी थर्मास उघडला. कप भरला, पण माझ्यापुढे धरला नाही. नुसता टेबलावर ठेवला. मी तो उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. परतीच्या गाडीत जऊळका स्टेशनापर्यंत पित्तानं जीव नकोसा झाला.

तेव्हापासून माझ्या तपासणीच्या कागदावर एक प्रश्न वाढला. चहा किती पिता, याच्या खाली: कुणाकडे पिता?