संयोगिताचा शालू

कोल्हापुरातल्या कसबा बावड्यात चिमणाबाई साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. नवरा गेल्यावर त्याच मशीनवर तिनं संयोगिताला वाढवलं. १९९७ साली पोरीचं लग्न राधानगरीजवळच्या गावात ठरलं. शालू घ्यायचा तेवढा राहिला होता. आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं महाद्वार रोडवरच्या एका दुकानातनं साधा शालू घेतला आणि थेट स्टँड गाठलं. दुकानात लगीनसराईची झुंबड होती. विक्रेत्या गणपतरावाच्या हातून पिशव्या बदलल्या, हे दोघांनाही कळलं नाही.

लग्नाच्या सकाळी पिशवी उघडली तर आत अस्सल जरीचा, पदरभर मोरांचा शालू. हात लावताच चिमणाबाईला चूक कळली. पण नवरदेवाची आई, आक्का, शेजारीच उभी होती.

"विहीणबाई, एवढा भारी शालू काढलासा, आन् आमाला बोलला न्हाईसा."

दुसरी साडी नव्हती. मुहूर्त जवळ आला होता. चिमणाबाईनं तोच शालू पोरीला नेसवला.

लग्न आटोपून ती दुकानात गेली तेव्हा गणपतराव दाराशी गिऱ्हाइकांच्या चपला सांभाळत बसला होता. शालू त्यानंच परस्पर विकला, असं मालकाचं म्हणणं; म्हणून त्याला गादीवरनं उठवलं होतं. चिमणाबाईनं मालकाला सगळं सांगितलं.

"शालू आणा, विषय मिटला," मालक म्हणाला.

ती पोरीच्या सासरी गेली. तिचं बोलणं ऐकून संयोगितानं तिला गोठ्यामागं नेलं.

"आई, आक्कांनी सगळ्या गावाला दाखवलाय त्यो. आता मागितलास तर मी ह्या घरात कुठल्या तोंडानं राहू?"

"आन् गणपतरावानं काय करायचं?"

"चूक त्याची हाय. त्यो बघंल."

आत आक्कानं चहा ठेवला होता. चिमणाबाईनं तो प्याला, इकडचं तिकडचं बोलली आणि मिळाली ती एसटी धरली. खिडकीतनं तिला काही दिसत नव्हतं. इकडं बोलावं तर पोरीचं घर मोडणार, तिकडं गप्प बसावं तर त्या माणसाचं.

दुसऱ्या दिवशी ती मालकासमोर उभी राहिली.

"शालू न्हाय मिळायचा. त्याच्या बदली तुमच्या साड्यांना फॉल लावून देते. फिटंस्तवर."

मालकानं तिच्याकडं बघितलं, मग गणपतरावाला आत बोलावून परत गल्ल्याशेजारच्या गादीवर बसवलं.

तेव्हापासून घरात साड्यांचे गठ्ठे येऊ लागले. गल्लीतली कामं तिला परत पाठवावी लागली. डोळ्यांना पाणी यायचं, मान आखडायची. दिवाळीला आलेल्या संयोगितानं विचारलं, "एवढं काम कशाला घेतीस?"

"मिळतंय म्हणून," चिमणाबाई म्हणाली. पोरीनं पुढं विचारलं नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, ते चिमणाबाईला कधीच समजलं नाही.

दोन लगीनसराया गेल्या. एक दिवस मालक म्हणाला, "फिटलं. आता मजुरीवर करा."

ती घरी आली, मशीन कापडानं झाकलं आणि भर दुपारी आडवी झाली. झोप लागली नाही. गल्लीतली गिऱ्हाइकं कधीच दुसरीकडं गेली होती. सकाळी दुकानाचा गठ्ठा दारात आला, तो तिनं ठेवून घेतला.