अमावास्येचे अकरा, पुनवेचे अकरा

एक घड्याळ असणं ही गरज. दुसरं घ्यावंसं वाटलं की समजावं, शौक जडला. माझ्याकडे पहिलं होतं. मॅट्रिक झालो म्हणून वडिलांनी दिलेलं, पांढऱ्या तबकडीचं, गरीब चेहऱ्याचं. दुसरं होतं माझ्या घरमालकाच्या पानाच्या डब्यात. ते मिळवण्यासाठी मी मालवणच्या भर बंदरावर स्वतःचं जेवढं हसं करून घेतलं तेवढं पुढे लग्नातसुद्धा झालं नाही.

मी कणकवलीचा. दर्याशी आमचा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. मालवणात काथ्याच्या एका वखारीत कारकून म्हणून लागलो आणि बंदराला लागून एका म्हाताऱ्या तांडेलाकडे खोली घेतली. जन्मभर गलबतं हाकलेला माणूस. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि तिथल्या बाजारात विलायती घड्याळं मिळत. तिथूनच त्यानं कधीतरी आणलेलं ते घड्याळ. काळी तबकडी, अंधारात हिरवे चमकणारे काटे. ते तो मनगटाला कधी बांधत नसे. रोज सकाळी डबा उघडायचा, पान लावायचा, घड्याळाला चावी द्यायचा की डबा बंद. चुना-कातासारखंच तेही एक. माझा जीव कळवळायचा.

आषाढातल्या अमावास्येला मी धीर करून विचारलंच, "तांडेलानू, ह्या घड्याळ माका देशात?"

"तुका एक मनगट पुरणा नाय काय रे?"

"दुसरो हात मोकळोच आसा."

म्हातारा हसला. म्हणाला, "घड्याळ घेवचा सोपा, राखूचा कठीण. आज भरतीक माझ्या घड्याळार तुझा लाव. मगे कोणाच्या घड्याळाक इचारूचा नाय. बंदरकचेरीच्या नाय, माझ्या नाय. पुनवेच्या भरतीक दोनय घड्याळां मिळाली, तर ह्या तुझा."

"आणि नाय मिळाली तर?"

"तर तुझा माझा. आणि तू कणकवलीक."

म्हणजे घड्याळही जाणार आणि खोलीही. पण मी हो म्हटलं. काळ्या तबकडीपुढे माझी अक्कल नेहमीच मंद चालते.

त्या दिवशी बंदराच्या पायऱ्या पाण्यानं काठोकाठ भरल्या तेव्हा तांडेलाच्या घड्याळात अकरा वाजले होते. मी माझे काटे अकरावर ठेवले. पण माझं घड्याळ पुढे जातंय की मागे पडतंय हे कोणाला न विचारता कळणार कसं? तेवढ्यात तांडेलाच्या तोंडी रोज असलेलं वाक्य आठवलं, "माणूस चुकात, दर्या चुकणा नाय." झालं! आख्खा अरबी समुद्र माझं घड्याळ तपासायला हजर होता आणि मी काळजी करत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी वखारीच्या खिडकीतून पाणी बघत बसलो. पावसाळ्यात बंदर बंद, वखारीत काम नाही, शेठ गादीवर पेंगलेला. पाणी चढून थांबलं तेव्हा घड्याळात बाराला दहा कमी. हात्तिच्या, एका दिवसात पन्नास मिनिटं पुढे! वडिलांच्या खरेदीची कीव करत मी काटे मागे घेऊन अकरावर आणले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या, पाचव्या दिवशी पुन्हा. आभाळ असं भरलेलं की सूर्य आठवडाभर रजेवर. भूक मात्र फार लवकर लागू लागली. ती मी समुद्राच्या हवेला लावली.

वखारीत जायची वेळ आठाची. सहाव्या दिवशी मी बरोबर आठाला, म्हणजे माझ्या आठाला, छत्री मिटत आत शिरलो. शेठ जेवायला घरी निघालेला.

"काय कारकुनानू, आज इलास की उद्याचे इलास?"

"शेठ, आठ वाजले. तुमीच आज लवकर जेवतास."

शेठनं मला दारापाशी नेलं. बाहेर सुकी मासळी विकणारी एक म्हातारी टोपलीवर इरलं धरून बसली होती. "आये, ह्येका वायच किती वाजले ता सांग गो."

"सांगाक कित्याक होया? शाळेतली पोरां मधल्या सुट्टीक सुटली ती दिसणत नाय?"

मी घड्याळ पुढे केलं आणि भरतीवर ते रोज कसं लावतो हे अभिमानानं सांगितलं. मग म्हातारी अशी हसली की टोपलीतले बोंबील हलले.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! भरती काय एस.टी. आसा? रोज दोन घटका उशिरान येता ती. अमाशेक जी येळ तीच पुनवेक, मदी सगळी सरकता. ह्या आमचा शेंबडा पोर सांगात!"

दुपारपर्यंत बाजारभर झालं. कणकवलीच्या कारकुनाचं घड्याळ भरतीवर चालतं. रस्त्यानं जाताना पोरं विचारू लागली, "किती वाजले हो? उधाणाचे की भांगाचे?"

मी खोलीत येऊन कण्हत पडलो. घड्याळ सव्वातीन तास मागे. खरी वेळ आता विचारायची सोय नाही, विचारलं की अट मोडली. म्हातारीची शिवी कानात घुमत होती आणि शिवीमागून तिचं ते वाक्य आलं. अमाशेक जी येळ तीच पुनवेक. मी ताडकन उठून बसलो. रोज दोन घटका मागे गेलो तर पंधरवड्यात तीस घटका, म्हणजे बारा तास. आणि तबकडीवर आकडे तरी किती? बाराच! एक फेरी उलटी मारून माझं घड्याळ पुनवेला पुन्हा बरोबर वेळेवर येणार होतं. चूक सुधारायची गरजच नव्हती. फक्त ती शेवटपर्यंत इमानदारीनं करायची होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात मी जाहीर केलं, "घड्याळाक नावां ठेव नकात. पुनवेक बघा कोण बरोबर ता."

मग काय विचारता! लोक करमणुकीला वेळ विचारायला येऊ लागले. दिवेलागणीला मी शांतपणे कधी "दोन", कधी "साडेअकरा" सांगायचो आणि ते पोट धरून जायचे. वखारीत मात्र मी शेठच्या घरचा भोंगा, म्हणजे शेठाणीची पहिली हाक, ऐकून जायचो. हाकेला घड्याळ म्हणत नाहीत.

खरी कसोटी भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत लागली. तेव्हा भरती इतकी मरगळलेली की पाणी चढलं की नाही तेच कळेना. शेवटी मी पाण्यात एक करवंटी सोडू लागलो. ती किनाऱ्याकडे येत राहायची, मग थबकायची आणि परत निघायची. थबकली की काटे अकरावर. भिजत, शिंकत, छत्री उलटी होत असतानाही, आणि भरती सरकत रात्रीत गेली तेव्हा कंदील घेऊनही, मी एक भरती चुकवली नाही. रात्री कूस बदलताना मनात एकच, म्हातारी चुकली असेल तर?

नारळी पुनव उजाडली. नारळ दुपारी सोडायचा, पण बंदर सकाळीच भरलं, कारण माझी फजिती आधी होती. मासळीवाली म्हातारी पुढच्या पायरीवर ठाण मांडून. तांडेल पानाचा डबा काखेत घेऊन आला.

मी करवंटी सोडली. ती आली, आली, पायरीला टेकली आणि थबकली. मी काटे अकरावर आणले आणि हात वर केला.

तांडेलानं डबा उघडला. काळी तबकडी बाहेर आली. अकरा वाजून तीन मिनिटं.

पहिली म्हातारीच ओरडली, "गे बाये! मिळाला मां!"

तांडेल माझ्या कानाशी वाकला. "मेल्या, माका दर्या शिकवतंस? बारा तास फिरवून हाडलंस ता!"

"तुमी सांगलात, मिळूक होया. कसा मिळवूचा ता खंय ठरलला?"

मग त्याच्या पोटातून हसू आलं, खोकल्यासारखं, आणि संपेना. "आणि तीन मिनटां?"

"ती दर्याची."

त्यानं स्वतः ते घड्याळ माझ्या उजव्या मनगटाला बांधलं. शेठनं सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. म्हातारी म्हणाली, "आता दोनय हात अडाकले. जेवतलंस कसो रे?"

"वाढशात तर दाखवतंय," मी म्हटलं.

आणि सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून, भर पावसात, मी बाजारपेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. वेळ कोणीच विचारली नाही. मी सगळ्यांना सांगितली.