‘हवेत’ म्हणजे नक्की कुठे?

“बत्ती गेली, की तुम्ही गेलात?” औषधाच्या खिडकीतून मान बाहेर काढून आमचे कंपाउंडर काका पेशंटला असं विचारायचे. पेशंट आणखीच गोंधळायचा.

ऐंशीनंतरची पहिली काही वर्षं. घाटकोपरच्या त्या दवाखान्यात मी केसपेपर लिहायचे. डॉक्टर नवे, पुण्याचे. ‘भोवळ’ म्हटलं की त्यांना कळायचं. पण आमचे पेशंट म्हणायचे, “बत्ती गुल झाली”, “पार बधीर झालोय”, “सकाळपासून भंजाळलोय.” डॉक्टर माझ्याकडे बघायचे, मी काकांकडे.

काका देवगडकडचे. बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवता चिकटवता सांगायचे, “गुल म्हणजे वातीचं जळकं टोक. तिथनं आली बत्ती गुल. हा माणूस क्षणभर विझलेला, बीपी बघा. आणि बधिर म्हणजे मुळात बहिरा. त्याचे कान तपासा!” एकदा डॉक्टरांनी चिडून खरंच तपासले, तर आतून कापसाचा जुना बोळा निघाला. काका आठवडाभर छाती काढून हिंडत होते.

“आणि भंजाळणं कुठून आलं, काका?”

“ते शोधतानाच मी भंजाळतो, पोरी.”

एका शनिवारी संध्याकाळी एक तरुण जोडपं आलं. नवरा डुलत होता.

“हवेत आहे, डॉक्टर. कोण बोललं की लांबनं ऐकू येतं.”

बायको डोळे पुसत म्हणाली, “रोज असेच येतात. पितात आणि नाय म्हणतात. मी उद्या माहेरी चालले.”

“दारू पिऊन दवाखान्यात यायचं नाही!” डॉक्टर कडाडले.

“आईशपथ, थेंब नाय घेतला!”

काका बाहेर आले. “आ कर.” त्यांनी त्याचं तोंड हुंगलं, मग शर्टाची कॉलर, आणि सणसणीत शिंकले. “काय काम करतोस रे?”

“लोखंडी कपाटांना रंगाचा स्प्रे मारतो. धूळ बसू नये म्हणून शेठ खिडक्या लावून घेतो.”

“रविवारी कसं वाटतं?”

“सुट्टी असते. एकदम झकास.”

“अरे, तू हवेत नाय. ती रंगाची हवा तुझ्यात गेलीय!”

बायकोने केसपेपरची गुंडाळी करून नवऱ्याच्या पाठीत हाणली. “मग सांगता येत नव्हतं?”

“रोज तेच सांगतोय ना, हवेत आहे म्हणून!”

ती हसली, मग रडली, आणि जाईपर्यंत तिने त्याची बाही सोडली नाही. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले होते. त्यांनी शेठला स्वतः चिठ्ठी लिहिली, आणि पुढच्या आठवड्यात स्प्रेचं काम उघड्या अंगणात गेलं.

दोन वर्षांनी काका गावी घर शाकारायला गेले. तिथेच झोपेत गेले, असं पत्र आलं.

त्यानंतर एक म्हातारी आली. “डॉक्टर, मी कुठंतरी राहून गेल्यासारखं वाटतं.” डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. मग उठून आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि म्हणाले, “आजी, कुठं राहिलात, सावकाश सांगा.”